फरक कोण भरतं?

पैसे पाठवण्याच्या धंद्यात नोकरीला कुठली कंपनी चांगली, असं कुणी विचारलं की मी म्हणते, पगाराचं नंतर बघू. आधी एवढंच विचारून ये की संध्याकाळी कॅश टॅली करताना कमी आली तर ते पैसे कोण भरतं. या एका उत्तरातून ती कंपनी आपल्या माणसांकडे कशी बघते ते बऱ्यापैकी कळतं.

साताऱ्यात कॉमर्स शिकवायला लागण्याआधी मी पोवई नाक्याजवळ एका मनी ट्रान्सफरच्या काउंटरला नोकरी केली आहे. हे कॉलेजात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे शेवटच्या वर्षाची मुलं अशा नोकऱ्यांचं काही असलं की माझ्याकडे येतात. यंदा मेढ्याकडची एक मुलगी आली. तिच्यापुढे तीन वाटा होत्या. साताऱ्यातच एका कंपनीच्या काउंटरची नोकरी, पुण्यात परदेशी कंपनीच्या कामाची रात्रपाळी, आणि पोस्टातली ग्रामीण डाक सेवकाची भरती, कारण दहावीला तिला मार्क भरपूर होते. चौथी वाट तिच्या मामांनी सुचवलेली: गावातच गाळा घ्यायचा, दोन-तीन कंपन्यांचे आयडी (त्यांच्या वतीनं पैसे पाठवायचं-काढायचं लॉगिन) घ्यायचे आणि आपलं आपण बसायचं. 'मॅडम, यातलं काय करू?' एवढाच तिचा प्रश्न होता. तिला स्टाफरूममध्ये जे सांगितलं ते अपुरं होतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

काउंटरपासून सुरुवात करते, कारण ते मी हातानं केलेलं काम आहे.

संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढलं की नोटा मोजायचं मशीन सुरू व्हायचं. पाचशेच्या नोटांची बंडलं, मग दोनशे, शंभर, शेवटी सुट्टे. वहीत प्रत्येक नोटेचा तपशील लिहायचा, बेरीज मारायची आणि सिस्टीममधल्या आकड्याशी लावून बघायची. जुळलं तर सही करून घरी. नाही जुळलं तर पुन्हा मोजायचं, दिवसभराच्या पावत्या एकेक करून तपासायच्या, ड्रॉवर बाहेर काढून मागे काही पडलंय का बघायचं. नव्या कोऱ्या नोटा एकमेकींना चिकटतात आणि मशीनही कधीकधी दोनांची एक मोजतं, हे ज्यानं कॅश हाताळली आहे त्याला सांगायला नको. आमच्याकडे नियम सरळ होता. जादा आली तर ती कंपनीच्या खात्यात जमा, कमी आली तर आमच्या पगारातून वजा. माझ्या शेजारच्या खिडकीवर बसणारी मुलगी एका गर्दीच्या दिवशी दोन हजारांनी शॉर्ट आली. कुणी काही विचारलं नाही, तिचं म्हणणं लिहून घेतलं नाही. पुढच्या पगाराच्या स्लिपवर वजावट दिसली, तेव्हाच तिला कळलं. तिच्या पगारात दोन हजार म्हणजे घरभाड्याचा मोठा भाग होता.

कायदा असा नाही, हे मला पुढे शिकवताना कळलं. १९३६च्या वेतन कायद्यात ज्या पैशाचा हिशेब कामगारानं द्यायचा आहे तो हरवला तर कपात करायला परवानगी होती, पण नुकसान थेट त्याच्या हलगर्जीपणामुळे झालेलं असायला हवं होतं, आणि कपातीआधी त्याला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागत असे. २०२५मध्ये त्याच्या जागी लागू झालेल्या नव्या वेतन संहितेतही ही संधी कायम आहे. केंद्र सरकारच्या कार्यालयांत कॅश सांभाळणाऱ्याला त्या जोखमीचा वेगळा भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर तो महिन्याच्या सरासरी उलाढालीप्रमाणे सातशे किंवा हजार रुपये ठरला. रक्कम मोठी नाही, पण या कामात माणसाकडून चूक होऊ शकते हे मालकानं त्यात मान्य केलेलं आहे. आमच्या काउंटरवर ही मान्यता नव्हती, आणि मला तेच जास्त लागलं.

आता त्या काउंटरवरच्या माणसाचा मालक कोण, ते बघू. परदेशातून साताऱ्याला येणारा पैसा रिझर्व्ह बँकेच्या मनी ट्रान्सफर सर्व्हिस स्कीमखाली येतो. एका वेळी कमाल अडीच हजार डॉलर, एका माणसाला वर्षात तीस वेळा, आणि रोख हातात द्यायची ती पन्नास हजार रुपयांपर्यंतच. त्यापुढची रक्कम खात्यात. या योजनेची साखळी अशी: वर परदेशी मुख्य कंपनी, तिचा भारतातला एजंट, आणि त्याच्याखाली उपएजंट. बोर्डावर पिवळ्या-काळ्या रंगात वेस्टर्न युनियनचं नाव असतं, पण आत बसलेली मुलगी वेस्टर्न युनियनची नसते. ती उपएजंटाची असते, आणि तिच्या नेमणूकपत्रावर (मिळालंच असेल तर) त्याचं नाव असतं. वेस्टर्न युनियनचे जगभरातले पगारी कर्मचारी नऊ हजारांच्या आसपास आहेत आणि पैसे देणारी-घेणारी ठिकाणं लाखोंच्या घरात. म्हणजे जी कंपनी लोकांना दिसते ती जवळजवळ सगळी पगारपत्रकाच्या बाहेर आहे.

म्हणूनच 'काम करायला उत्तम कंपनी कोणती' अशा याद्या आल्या की मी त्या जपून वाचते. त्यांत ज्यांना विचारलं जातं ते सगळे दाराच्या आतले असतात. आतल्यांसाठी या कंपन्या खरोखर चांगल्या असू शकतात. पुण्यात वेस्टर्न युनियनचं तंत्रज्ञान केंद्र आहे. अशा ठिकाणी काम करणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांकडून जे ऐकते त्यात तक्रार कमी आणि समाधान जास्त असतं. भविष्य निर्वाह निधी वेळेवर भरला जातो, आईवडिलांना धरून आरोग्य विमा असतो, रात्रपाळीच्या मुलीला गाडी घरापर्यंत सोडते. साताऱ्याहून गेलेल्या मुलीच्या आईला त्या गाडीची किंमत पगारापेक्षा जास्त वाटते, आणि मला त्या आईचं पटतं.

आतल्या आत तुलना करायची तर या कंपन्यांचा इतिहास उपयोगी पडतो. वेस्टर्न युनियन १८५१ची, मुळात तारेची कंपनी. १८७१पासून तिनं तारेवरून पैसे पाठवायला सुरुवात केली आणि २००६ साली तार बंद करून फक्त पैशांचं काम ठेवलं. एवढ्या जुन्या घरात कामाच्या पद्धती पक्क्या असतात, शिकायला मिळतं, आणि बदलाच्या वेळी कात्रीही चालते. २०१९मध्ये तिनं सुमारे दहा टक्के नोकऱ्या कमी करायचं जाहीर केलं होतं. मनीग्राम तिची जुनी प्रतिस्पर्धी. २०२३मध्ये ती शेअर बाजारातून बाहेर पडून एका गुंतवणूक कंपनीच्या ताब्यात गेली, आणि मालक बदलला की पहिली दोन वर्षं नोकरदाराला धाकधूक असतेच. दुसऱ्या बाजूला वाइज आणि रेमिटली, दोन्ही २०११च्या, दोन्ही २०२१मध्ये बाजारात आल्या. वाइज लंडनमध्ये दोन एस्टोनियन मित्रांनी काढली, रेमिटली सिअ‍ॅटलमध्ये. यांना स्वतःचे काउंटर जवळपास नाहीतच, बहुतेक सगळं मोबाइलवर. माणसं तरुण, निर्णय लवकर, शेअरमध्ये वाटा मिळायची शक्यता जास्त. कोड लिहिणाऱ्या किंवा हिशेब तपासणाऱ्या हुशार मुलानं मला विचारलं तर मी या नव्यांकडेच बोट दाखवीन.

पण या तुलनेत एक अडचण आहे. नव्या कंपन्या मालक म्हणून चांगल्या दिसतात याचं एक कारण त्यांनी दाराबाहेर जवळजवळ कुणाला ठेवलेलंच नाही, हे आहे. त्यांचा बहुतेक पैसा थेट खात्यात येतो. पोवई नाक्यावर त्यांचं कुणी बसत नाही, म्हणून कुणी शॉर्टही येत नाही. जुन्या कंपनीच्या नावाखाली हजारो लोक बसलेले आहेत, त्यांची गाऱ्हाणी आहेत, ती दिसतात. उद्या सगळाच पैसा मोबाइलवरून आला तर याद्यांमधले गुण वाढतील, पण साताऱ्यातल्या काउंटरवरच्या मुलीची परिस्थिती त्यानं सुधारणार नाही. तिची नोकरीच राहणार नाही.

आणि काउंटरवर ताण का असतो तेही सांगते. परळी खोऱ्यातून एक मावशी यायच्या, मुलगा दुबईला. सकाळच्या एसटीनं निघायच्या, पिशवीत आधार कार्डाची झेरॉक्स आणि मुलानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला दहा आकडी नंबर कागदावर उतरवलेला. एकदा मुलानं पाठवताना घरातलं हाकेचं नाव टाकलं आणि आधारवर नाव वेगळं. पैसे आमच्या ड्रॉवरमध्ये आहेत, समोर बसलेली बाई तीच आहे हे मला पक्कं माहीत आहे, तरी देता येत नव्हते. पाठवणाऱ्यानं तिकडून नाव दुरुस्त केल्याशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही. त्या म्हणाल्या, 'पोरी, तू मला ओळखत न्हाईस व्हय?' ओळखत होते. पण माझी ओळख त्या सिस्टीममध्ये चालत नव्हती.

हा कडकपणा उगाच आलेला नाही. २०१७ साली वेस्टर्न युनियननं अमेरिकेत ५८ कोटी ६० लाख डॉलर भरायचं मान्य केलं, कारण तिच्या काही एजंटांमार्फत फसवणुकीचा पैसा जात होता आणि कंपनीनं तो वेळीच रोखला नव्हता. मनीग्रामलाही २०१२ आणि २०१८मध्ये अशाच कारणांसाठी मोठ्या रकमा भराव्या लागल्या. त्यानंतर नियम आवळले गेले, आणि ते योग्यच झालं. फसवली गेलेली म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. फक्त नियम वरून उतरताना प्रशिक्षण, वेळ आणि पगार त्याच्याबरोबर उतरत नाहीत. मावशींना समजावून परत पाठवायचं काम उपएजंटाच्या सर्वात कमी पगाराच्या माणसाकडे येतं, आणि त्या कामाला कुठेही पैसे लावलेले नसतात.

आता मामांची वाट. ही आज जिल्ह्यात सगळ्यात जास्त चालते. गाळ्यावर फ्लेक्स, त्यावर चार कंपन्यांची चिन्हं: फिनो, पेनिअरबाय, स्पाइस मनी, एखाद्या बँकेचं ग्राहक सेवा केंद्र. एकाचा सर्व्हर डाऊन असला की दुसऱ्याचा आयडी उघडायचा. एमआयडीसीतली परप्रांतीय मुलं पगार झाला की गावी पैसे पाठवायला येतात. रोख देतात, दुकानदार आपल्या वॉलेटमधून पाठवतो. बाकी काम आधारवर पैसे काढून देण्याचं. लाडक्या बहिणीचे पंधराशे जमा झाले की त्या दिवशी बायकांची रांग रस्त्यापर्यंत येते. आल्याच्या काढणीत आणि भांगलणीत बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, अंगठा मशीनवर उमटत नाही. मग हात धुवून आण, दुसरं बोट लाव, पुन्हा लाव. एका व्यवहाराला दहा मिनिटं सहज जातात.

या दहा मिनिटांचं किती मिळतं? आधारवरून पैसे काढले की खातेदाराची बँक, ज्या बँकेच्या सेवेतून रोख दिली तिला, अर्धा टक्का देते, जास्तीत जास्त पंधरा रुपये. पंधराशेवर साडेसात रुपये झाले. त्यातून मधली कंपनी आपला वाटा घेते, डिस्ट्रिब्युटर घेतो, उरलेलं गाळ्यातल्या माणसाला. गाळ्याचं भाडं, वीज, इंटरनेट, मशीन, वॉलेटमध्ये अडकलेलं स्वतःचं भांडवल, हे सगळं त्याचं. काही जण बाईकडून वर दहा-वीस रुपये घेतात. ते बेकायदा आहे आणि मला ते पटत नाही, पण ते का होतं हे हिशेब मांडला की दिसतं.

पैशापेक्षा मोठी जोखीम वेगळी आहे. कुणाची तरी ऑनलाइन फसवणूक होते, तो सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करतो, पोलीस त्या पैशाचा माग काढत जातात, आणि माग ज्या खात्यातून गेला ते खातं गोठतं. गाळ्यावाल्यानं अनोळखी माणसाला ऑनलाइन आलेल्या पैशांबदल्यात रोख दिली असेल, तर त्याचं खातंही त्यात सापडतं. तक्रार कधीकधी दुसऱ्या राज्यातली असते. आमच्या ओळखीच्या एका गाळेवाल्याचं चालू खातं असंच गोठलं आणि तो महिनोन्‌महिने तिकडच्या पोलीस ठाण्याला मेल करत राहिला. ज्या कंपन्यांचे आयडी त्याच्या भिंतीवर होते त्यांतल्या एकीनंही त्याच्यासाठी वकील दिला नाही. त्याचा मालक कुणीच नाही, म्हणून त्याच्या बाजूनं उभं राहणं हे कुणाचंच काम नाही.

पोस्टाचं मला जास्त सविस्तर सांगायचं होतं, पण तिथे चित्र तुलनेनं साफ आहे. ग्रामीण डाक सेवकाला पगार नव्हे, कामाच्या तासांवर भत्ता मिळतो. २०१८च्या सुधारणेनंतर चार तासांच्या कामाला सुरुवातीला महिन्याला दहा ते बारा हजार, वर महागाई भत्ता. घरी दुसरं उत्पन्न असावं अशी अट आहे, आणि नियमित सरकारी नोकरासारखी पेन्शन नाही. ही मोठी उणीव आहे आणि त्यासाठी या लोकांनी वर्षानुवर्षं संप केले आहेत. पण त्या माणसाला एक मालक आहे. खात्याची नियमावली आहे, सुरुवातीची तीन वर्षं सोडली तर चौकशीशिवाय काढता येत नाही, पासष्टपर्यंत काम आहे. १८८०पासून मनीऑर्डर या माणसांच्या हातून पोचत आली. पाटण-जावळीतली कितीतरी घरं मुंबईच्या गोदीतून आणि गिरण्यांतून येणाऱ्या त्या पैशावर चालली. आज तोच माणूस पोस्ट पेमेंट्स बँकेचं मशीन घेऊन दारात जातो. मेढ्याच्या मुलीला मी पहिल्यांदा पोस्टाचाच अर्ज भरायला सांगितलं, ते यासाठी. पगार सर्वात कमी असूनही.

पुण्याची नोकरी तिला मिळाली तर तिनं ती घ्यावी, असंही सांगितलं. फक्त नेमणूकपत्र कुणाचं आहे ते बघायचं: कंपनीचं स्वतःचं की माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराचं. एकाच मजल्यावर, एकाच कामाला, शेजारी-शेजारी बसलेल्या दोघींपैकी एकीला ग्रॅच्युइटी लागू होते आणि दुसरीचा करार अकरा महिन्यांनी संपतो, हे मी पाहिलं आहे. साताऱ्यातल्या काउंटरला गेली तर वजावटीचा नियम लेखी मागायचा. मामांच्या वाटेला मात्र मी नको म्हटलं. ते काम हलकं आहे म्हणून नव्हे. गावाला त्या गाळ्याची गरज बँकेच्या शाखेपेक्षा जास्त आहे. पण आजच्या अटींवर बावीस वर्षांच्या मुलीनं घरचं भांडवल घालून ती जोखीम घ्यावी, असं माझं मन घेत नाही.

अटी बदलता येतात, आणि त्या कशा बदलायच्या हे आपल्याच जिल्ह्यातल्या माणसानं दाखवून दिलं आहे. पाटण तालुक्यातून मुंबईला गेलेले अण्णासाहेब पाटील यांनी ज्या माथाडींना संघटित केलं त्यांचीही नेमकी हीच अडचण होती. सकाळी एका व्यापाऱ्याचं पोतं, दुपारी दुसऱ्याचं, संध्याकाळी तिसऱ्याचं. प्रत्येक जण म्हणायचा, हा माझा नोकर नाही. १९६९च्या माथाडी कायद्यानं मालक शोधत बसायचं सोडून दिलं. मंडळ स्थापन केलं, त्यात कामगार, व्यापारी आणि सरकार तिघांचे प्रतिनिधी. कामगाराची नोंदणी मंडळाकडे, व्यापाऱ्याची नोंदणी मंडळाकडे. ज्याचं पोतं उचललं त्यानं मजुरी मंडळात भरायची आणि वर लेव्ही (ठरावीक वर्गणी) द्यायची. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, बोनस, ग्रॅच्युइटी, रजा, औषधपाणी. मालक चार असोत की चाळीस, कामगाराचं खातं एक. त्या मंडळांत पुढे गैरप्रकार शिरले, माथाडीच्या नावाखाली खंडणी मागणारेही निघाले, आणि त्यावर कडक कारवाई झालीच पाहिजे. पण त्या कायद्यामुळे आमच्या भागातल्या किती घरांतली मुलं शिकली, हे जावळी-पाटणात कुणालाही विचारा.

आयडी घेऊन बसलेल्या माणसाला हाच साचा लागू करता येईल असं मला मनापासून वाटतं. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेनं गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांसाठी (कायम नोकरी नसलेले, अ‍ॅपवरून काम मिळणारे) कंपन्यांकडून वर्गणी घ्यायची तरतूद केलीच आहे. आयडीवाल्यांची स्पष्ट नोंद त्यात व्हावी, आणि वर्गणी वर्षाच्या उलाढालीवर मोघम न ठेवता व्यवहारामागे ठरावी. मंडळाकडे नोंद असली की खातं गोठल्यावर पोलिसांशी बोलायला एक कार्यालय असेल, कॅश लुटली गेली तर विमा असेल, म्हातारपणी हातात काहीतरी येईल. माथाडींच्या वेळी कोणी किती पोती उचलली याचा हिशेब टोळीच्या मुकादमाच्या वहीत असायचा आणि त्यावरून वाद व्हायचे. इथे प्रत्येक व्यवहार तारीख, वेळ आणि रकमेसह सर्व्हरवर आहे. कमिशन वॉलेटला जमा करताना लेव्ही कापून घेण्यात अडचण कुठलीच नाही. टीडीएस आजही तसाच कापला जातो.